पिकोफॅरड आणि पिको-फॉल

लॅबमध्ये पिकोफॅरडचे कपॅसिटर आपण सगळ्यांनीच हाताळलेत. पिको म्हणजे १० चा उणे १२ वा घात, हे पाठ असतं. पण शब्द कुठला?

हा प्रश्न मला लक्ष्मी रोडवर पडला. आईची साडी पिको-फॉलला दिली होती. मी सहज विचारलं, “दोन्ही पिको एकच का गं?” आई म्हणाली, “इंजिनिअर तू, मला काय विचारतेस?” मग शोधलं.

१९६० मध्ये एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलेला ‘पिको’ स्पॅनिशशी जोडतात. तिथे पिको म्हणजे चोच, टोक, त्यावरून ‘थोडंसं’. साडीचा पिको फ्रेंच. कापडाच्या काठाचं बारीक टोक म्हणजे पिको. दोन्हींच्या मुळाशी टोकच!

खरी गंमत पुढे आहे. लॅटिनमध्ये लहान म्हणजे ‘पार्वुस’. लॅटिनपासून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन निघाल्या, पण रोजच्या बोलण्यातून पार्वुस गेला. त्याजागी लोकांच्या तोंडचे शब्द आले. इटालियनमध्ये ‘पिक्कोलो’, फ्रेंचमध्ये ‘पेटिट’ (उच्चार ‘प्ती’). मुंबईच्या पेटिट घराण्याचं आडनाव हेच. पूर्वज बुटके, म्हणून फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते नाव पाडलं असं सांगतात. लॅटिनचा ‘मिनुतुस’, म्हणजे बारीक केलेला, मात्र टिकला. तासाचा बारीक भाग ते मिनिट. फ्रेंचमध्ये त्याचा ‘मेनू’ झाला, म्हणजे बारीकसारीक तपशील. कँटीनचा मेनू तोच!

आपल्याकडेही तेच झालंय. ‘लघु’ राहिला लघुकोनात आणि लघुकथेत. घरात आपण म्हणतो ‘लहान’. त्याचं मूळ संस्कृत ‘श्लक्ष्ण’, म्हणजे गुळगुळीत, नाजूक. प्राकृतात त्याचं ‘लण्ह’ झालं. शिवाय चिमुकला, पिटुकला आहेतच. ‘पिटुकला’ आणि ‘पेटिट’ यांचं नातं नाही, पण लहान वस्तू पाहिली की तोंडातून असेच आवाज निघतात बहुतेक.

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे घरचे शब्द कमी दर्जाचे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण रोमन विद्वानांचा पार्वुस पुस्तकात राहिला, आणि टिकले ते स्वयंपाकघरातले, बाजारातले शब्द.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. आता साडी घेऊन ये.”