नोंद कोणासाठीं?

“इतकें लिहावयाचें कशाला?” असा प्रश्न प्रयोगवही पुरी करतांना विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारितात. हाच प्रश्न औषधांच्या कारखान्यांतही निघतो. मात्र तेथें उत्तर चुकल्यास प्राणांवर बेततें.

आपल्या देशांत औषधें कशीं तयार करावीं याचे दंडक १९४५ च्या औषध नियमांतील ‘अनुसूची एम्’मध्यें आहेत, २०२३ सालीं त्यांत मोठी सुधारणा झाली. प्रत्येक कामाची रीत लेखी असावी, आणि प्रत्येक बॅचमध्यें काय तोललें, कोणीं तोललें, किती उष्णता दिली, हें त्याच वेळीं लिहून सही करावी, असा त्यांचा आशय आहे. परंतु भीतीपोटीं कागद वाढत जातात. एकच आंकडा तीन वह्यांत उतरतो; मसुदा एका सहीसाठीं मेजावर पडून राहतो; कपाटांत जुनी रीत नव्या रीतीशेजारीं नांदते.

जपानांत टोयोटा मोटारींच्या कारखान्यांत ताइइची ओनो (१९१२–१९९०) यांनीं अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षां अधिक उत्पादन, खोळंबा, विनाकारण वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा सांठा, व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. हीच दृष्टि कागदांस लाविली म्हणजे आंकडा एकदांच लिहावा, सह्या जरूर तितक्याच घ्याव्या, आणि यंत्राजवळ चालू आवृत्तीची प्रत ठेवून जुन्या प्रती परत घ्याव्या, हें ओघानेंच येतें.

पण कोणता कागद टाकावा व कोणता राखावा? १९७२ सालीं इंग्लंडांत डेव्हनपोर्ट येथें शिरेंतून देण्याच्या ग्लुकोजच्या दूषित द्रवामुळें रुग्ण दगावले. चौकशींत दिसून आलें कीं, निर्जंतुक करण्याच्या यंत्रांत खालच्या भागांतील बाटल्यांस पुरेशी उष्णता मिळालीच नव्हती. तापमापकाच्या नोंदींत तें उमटलेंही होतें. परंतु तो तापमापकच बिघडला असावा असें समजून कामगारांनीं दुसऱ्या मापकावर भरंवसा ठेविला. नोंद खरी होती. तिला मान देणारा कोणी नव्हता.

म्हणून जी नोंद पाहून कोणी तरी काम पुढें नेतो किंवा थांबवितो, ती जिवापाड जपावी. बाकीचें ओझें उतरावें, तें श्रम वांचविण्यासाठींच नव्हे, तर जरूर त्या नोंदीवर लक्ष खिळावें म्हणून.

विद्यार्थीमित्रहो, त्या कारखान्यांत चूक खोडण्याचीही रीत ठरलेली आहे. मूळ आंकडा वाचतां येईल अशी एकच रेघ मारावयाची, आणि शेजारीं सही व तारीख घालावयाची. हा सराव आपण प्रयोगवहीपासूनच आरंभूं या. लहान गोष्टींतील प्रामाणिकपणाच पुढें मोठ्या कामीं येतो.