चिताऱ्याच्या शेजारी बसताना

प्रश्न : दोन दिवसांसाठी सावंतवाडीला जात आहोत. कलाकारांना काम करताना पाहायचं आहे, पण काही विकत घेतलं नाही तर बरं दिसेल का? मुलांना न्यावं का?

उत्तर : मुलांना जरूर न्या, आणि सुरुवात राजवाड्यापासून करा. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरणपंथाला लागलेली गंजिफा कला, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची कला, तिथेच पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची 12 पानं, म्हणजे एकूण 120. पान गोल, तळहातात मावेल एवढं. त्यात मत्स्याचं खवलं न् खवलं बारीक कुंचल्यानं काढलेलं असतं. ते पाहायला नीट बसावं लागतं. पाच मिनिटांत फोटो काढून निघणार असाल, तर न गेलेलं बरं.

कुंचला टेकलेला असताना काही विचारू नका. हात थांबला की विचारा. फोटोआधी परवानगी घ्या. रंग ओला असतो, तेव्हा मुलांचे हात आवरा.

खरेदीची सक्ती नसते. मात्र घ्यायचं ठरलं तर घासाघीस करू नका, हे मी कळकळीनं सांगते. संपूर्ण संच परवडत नसेल तर एखादी छोटी वस्तू घ्या. पुढे चितार आळीत लाकडी फळं, खेळणी मिळतील. दुकानदाराला विचारा, ‘हे रंगवतात कुठे?’ कुणी मागच्या पडवीत नेलं, तर वाळत घातलेली लाकडी केळी आणि आंबे मुलांना दाखवा; रंगवायच्या आधीचे, कोऱ्या लाकडाचेही दाखवायला सांगा.