दुकान उघडतोयस म्हणून

अकोला

चि. सोनू,

मेडशीत गाळा मिळाला, दोन मशिनी बसल्या, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. तुझी शिवण सरळ आहे अन् दिलेली तारीख तू पाळतोस. ते नसतं तर पुढचं काही लिहिलंच नसतं. पण अकोला अन् वाशीम एकाच रस्त्यावर आहेत, बस सारखी मिळते, तयार कपडे तर गावातही टांगलेले असतात. तरी माणूस तुझ्याकडे का यावा? हा कपडा कोण घालणार अन् घालून काय करणार, हे कारखान्याला ठाऊक नसतं. तुला ते विचारता येतं, म्हणून.

अमेरिकेत रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एक बाई त्याच्याकडे लाकूडतोड्या नवऱ्यासाठी पक्की पँट शिवायला सांगून गेली. ओढ बसते ती खिशाच्या कोपऱ्यांवर, हे त्यानं ओळखलं. घोड्याच्या झुलीचे पट्टे जोडायला वापरायचे ते तांब्याचे रिव्हेट त्यानं त्या कोपऱ्यांवर ठोकले. अशा पँटींना मागणी इतकी वाढली की त्याला कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसला सोबत घेऊन १८७३ साली त्यानं पेटंट काढलं. तुझ्या जीन्सच्या खिशाला हात लावून बघ, ते रिव्हेट अजून तिथंच आहेत.

आपल्याकडचं बघायचं तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बघ. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं. पंचांगं आधीही होती, पण ती सगळ्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी तिथी-सण तारखेच्या चौकोनात सोप्या मराठीत बसवले, ईद अन् नाताळही तिथंच घेतले. पानाची मागची बाजू पाककृतींना अन् लेखांना दिली. ते पान घरात कोण उलटतं, याचा केवढा विचार आहे त्यात!

आता तुझं काम. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा गणवेशाची गर्दी होईल. पोरगं वर्षात वाढतं, म्हणून पायाशी अन् बाहीला कापड आत दुमडून ठेव. दिवाळीनंतर आई आली की उकलून दे, पैसे मागू नकोस. सोयाबीन विकून जे हाती येतं त्यातून एकच जोड शिवणारी घरं आहेत, त्यांना हे विसरता येत नाही. कॉलेजला एसटीनं जाणाऱ्या मुलींच्या कुर्त्याला खिसा लाव, मोबाइल अन् तिकिटाचे पैसे मावतील एवढा खोल. म्हाताऱ्या बायांच्या ब्लाउजला हुक पुढूनच दे अन् जरा मोठे घे. बोटं वळत नाहीत रे त्यांची, अन् त्या कधी सांगत नाहीत. कातरण फेकू नकोस. पोळ्याच्या आठवड्यात ज्या घरी लहान लेकरू आहे, त्या घरच्या कपड्यांसोबत मातीच्या बैलाची इवलीशी झूल शिवून दे. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्यात लेकरं लाकडी बैल किती हौसेनं सजवतात, ते तू पाहिलंच आहेस.

सोनेरी गुंड्या अन् लेस उगाच लावत बसू नकोस. त्यानं कपडा महाग होतो, घालणाऱ्याचं काही सोपं होत नाही. अन् केलेलं सांगत सुटू नकोस. घरी गेल्यावर त्या मुलीचा हात आपसूक खिशात जाऊ दे. तो आनंद तिचा आहे, पावतीवर लिहायचा नाही.

मापाच्या वहीत छाती-कंबर लिहितोस, त्याच्या शेजारी एक रकाना आख: हा माणूस दिवसभर काय करतो. दिवाळीला मी येईन तेव्हा ती वही मला आधी दाखव.

तुझी आत्या