जास्वंदीचा मग: छपाई आणि खरा हिशोब

मैत्रिणींनो, गेल्या काही बैठकांत फोटोच्या मगाबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं. वाढदिवस, हळदीकुंकू, शाळेतला निरोप समारंभ, सगळीकडे असे मग देतात. आपण दारातल्या जास्वंदीचा फोटो घेऊन मग कसा बनतो आणि त्यात पैसे खरंच सुटतात का, ते पाहू.

फोटो
जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, म्हणून फोटो सकाळीच काढा. भर उन्हात लाल फूल मोबाईलमध्ये नुसतं लाल डाग दिसतं, पाकळीच्या शिरा हरवतात. सावलीत काढलेला फोटो चांगला येतो. मोबाईलवर आलेला कुणाचाही फोटो छापू नका. फोटोवर तो काढणाऱ्याचा कायद्याने हक्क असतो. फूल आपलं, फोटोही आपलाच हवा.

छपाई
1. मग खास छपाईचा, वरून पारदर्शक थर दिलेला घ्या. भांड्याच्या दुकानातल्या साध्या मगावर रंग धरत नाही.
2. प्रिंटरमध्ये सब्लिमेशनची शाई आणि कागद लागतो. उष्णतेने या शाईची वाफ होते आणि ती मगाच्या थरात शिरते. म्हणून चित्र धुतलं तरी जात नाही.
3. चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचं. नुसत्या फुलात चूक कळत नाही, पण खाली गटाचं नाव असेल तर ते उलटं उमटतं आणि मग वाया जातो.
4. कागद मगाला घट्ट गुंडाळून उष्णता सहन करणारी चिकटपट्टी लावा. कागद हलला की चित्र दुहेरी दिसतं.
5. मशीनमध्ये साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला तीन-चार मिनिटं ठेवा. नेमकी वेळ मशीनच्या पुस्तिकेत पाहा आणि आधी एका मगावर करून बघा. मग काढताना जाड हातमोजे घाला, जवळ लहान मूल नको.

हिशोब
हे आकडे समजण्यासाठी आहेत, आपल्या बाजारातले भाव घालून पुन्हा मांडा.

50 मगांची एक खेप:
कोरे मग (80 रु. प्रमाणे): 4,000
कागद, शाई, चिकटपट्टी: 500
खोकी: 750
वाहतूक: 400
वीज: 100
दोघींची एका दिवसाची मजुरी: 800
मशीनची झीज: 500
एकूण: 7,050 रुपये

आता बघा. आपण सहसा मग आणि कागद-शाई एवढंच धरतो. ते होतात 4,500, म्हणजे मगामागे 90 रुपये. मग 150 ला विकला की 60 रुपये सुटले असं वाटतं. पण 50 पैकी 5 मग फुटले किंवा बिघडले, तर विकायला उरतात 45. 7,050 भागिले 45, म्हणजे एक मग आपल्याला जवळपास 157 रुपयांना पडतो. 150 ला सगळे विकले तर हातात येतात 6,750. फायदा दूरच, 300 रुपयांचा तोटा! तोच मग 200 ला गेला तर 1,950 रुपये उरतात.

तोटा दिसत नाही, कारण तो आपल्या मजुरीतून जातो. "घरचंच काम आहे, त्याचे काय पैसे लावायचे?" असं म्हणतो तिथेच गट फसतो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेलाच येतो. खोक्याचंही तेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको, पण मग फुटणार नाही एवढं खोकं हवंच.

मशीन लगेच घेऊ नका. आधी तालुक्याच्या छपाईवाल्याकडून दहा मग करून घ्या, विकून बघा. मागणी टिकली तरच ग्रामसंघात कर्जाचा विषय मांडा.

गटात चर्चेसाठी
1. 45 ऐवजी 48 मग चांगले निघाले, तर एक मग कितीला पडेल?
2. आपल्या गटाच्या वस्तूच्या किमतीत आपली मजुरी धरली आहे का? वही उघडून एकमेकींना दाखवा.