खेळाडूवरील टीका : तिचा अधिकार व तिची मर्यादा

'टीका' हा शब्द आपल्या भाषेत फार जुना व मानाचा आहे. श्रीज्ञानेश्वरांनी गीतेवर 'भावार्थदीपिका' रचिली. ती गीतेवरील टीका म्हणूनच ओळखली जाते. तेथे टीका म्हणजे दोष काढणे नव्हे, तर मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणे होय. मूळ ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचल्यावाचून व त्यातील अवघड स्थळे समजून घेतल्यावाचून टीकाकारास लेखणी हाती धरण्याचा अधिकार नसे. पुढे या शब्दाचा अर्थ पालटला, आणि 'अमक्याने तमक्यावर टीका केली' म्हणजे त्याचे दोष चव्हाट्यावर मांडले, असे आपण समजू लागलो. अर्थ पालटला तरी जुनी अट मात्र सुटू नये. आधी समजून घ्यावे, मग बोलावे, हीच ती अट. ती सुटली म्हणजे काय होते, हे खेळाच्या क्षेत्रातील काही खऱ्या उदाहरणांवरून पाहावयाचे आहे.

रिओ येथील प्रसंग

इ. स. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यात ब्राझील देशातील रिओ शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. सामने सुरू होऊन तीन-चार दिवस लोटले, तरी भारताच्या पदरात एकही पदक पडले नव्हते. अशा वेळी मुंबईच्या प्रसिद्ध इंग्रजी लेखिका व स्तंभलेखिका श्रीमती शोभा डे यांनी ट्विटरवर दोन ओळी प्रसिद्ध केल्या. आपले खेळाडू रिओस जातात, स्वतःची छायाचित्रे काढून घेतात आणि रिकाम्या हातांनी परत येतात. यात पैसा व संधी दोन्ही वाया जातात, असा त्यांचा आशय होता.

या उद्गारांनी देशभर मोठी खळबळ उडाली. नेमबाज अभिनव बिंद्रा हे त्याच सुमारास आपल्या अखेरच्या ऑलिंपिक स्पर्धेत चौथे आले होते व त्यांचे कांस्यपदक अगदी थोडक्यात हुकले होते. सबंध जगाशी झुंजणाऱ्या खेळाडूंचा अभिमान बाळगावयास हवा, असे सांगून त्यांनी ही टीका अन्यायाची असल्याचे संयमाने नमूद केले. इतर अनेक खेळाडूंनी व असंख्य क्रीडाप्रेमींनीही आक्षेप घेतला. पुढे त्याच सामन्यांत साक्षी मलिक यांनी कुस्तीत कांस्य व पी. व्ही. सिंधू यांनी बॅडमिंटनमध्ये रौप्यपदक मिळविले, तेव्हा टीकेला परस्पर उत्तर मिळाले, असे पुष्कळांस वाटले.

परंतु या उत्तराने आपण समाधान मानावे काय? पदक मिळाले म्हणून टीका चुकीची ठरली, असे म्हणणे म्हणजे पदक न मिळते तर ती बरोबर ठरली असती, असे कबूल करणे होय. टीकेचा खरेखोटेपणा पदकांच्या संख्येवर अवलंबून नसतो. तो कशावर अवलंबून असतो, हे पाहण्यासाठी रिकाम्या हातांनी परतलेल्या काही खेळाडूंकडेच वळू या.

आपल्याच जिल्ह्यातील दोन खेळाडू

आपल्या पेठ तालुक्याच्या शेजारी, हरसूलच्या डोंगराळ भागात सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. कविता राऊत या तेथील. अनवाणी धावण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि नाशिक येथे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या सामन्यांच्या इतिहासात धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळविणारी ही पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई सामन्यांत त्यांना रौप्यपदक मिळाले, व २०१२ साली अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. लोकांनी कौतुकाने त्यांस 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटले.

रिओत १४ ऑगस्ट रोजी त्या मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरांहून अधिक लांबीची शर्यत धावल्या. वेळ लागला २ तास ५९ मिनिटे, व क्रमांक आला १२० वा. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई सामन्यांत हेच अंतर त्यांनी २ तास ३८ मिनिटांत तोडून सुवर्णपदक घेतले होते. म्हणजे रिओत त्या सुमारे २१ मिनिटे मागे पडल्या. ही वस्तुस्थिती आहे, आणि ती वृत्तपत्राने छापली तर कोणी रागावण्याचे कारण नाही. परंतु 'त्या केवळ सहलीस गेल्या होत्या' असे कोणी म्हणेल तर ते असत्य होईल. त्या उन्हात कित्येक धावपटूंना शर्यत पुरीही करता आली नाही. त्यांनी ती पुरी केली.

दुसरे खेळाडू चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ. दुष्काळी गावचा हा तरुण सैन्यात दाखल झाला, आणि तेथे वयाच्या विशीनंतर त्याने प्रथम वल्हे हाती घेतले. अवघ्या चार वर्षांत तो रिओच्या नौकानयन स्पर्धेत भारताचा एकमेव प्रतिनिधी म्हणून उतरला व एकेरी शर्यतीत तेरावा आला. तेरावा क्रमांक पदकांच्या यादीत शून्यच मोजला जातो. परंतु ज्या गावी पिण्याच्या पाण्याची वानवा, त्या गावचा मुलगा जगात तेरावा नाविक ठरतो, यात राष्ट्राचा पैसा वाया गेला असे कोण म्हणेल?

त्यांचीच पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. २०१८ साली इंडोनेशियातील आशियाई सामन्यांत भोकनळ २३ ऑगस्टच्या एकेरी अंतिम शर्यतीत अगदी शेवटी, सहावे आले. त्या दिवशी त्यांची प्रकृती ठीक नव्हती. त्या सायंकाळी कोणी त्यांच्यावर कठोर लेख लिहिता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाडून टाकावा लागता. कारण २४ तारखेस सवर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. खेळाडूच्या एका दिवसावरून त्याच्या आयुष्याचा निकाल देणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानी येईल.

राजाराम कॉलेजचा विद्यार्थी

आता थोडे मागे जाऊ. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. जन्मभर मातीच्या आखाड्यात कुस्ती खेळलेल्या या तरुणास तेथे गादीवर, निराळ्या नियमांनी लढावे लागले. सहावा क्रमांक आला व ते रिकाम्या हातांनीच परतले. तेव्हाही 'पैसा व संधी वाया गेली' असे म्हणता आले असते.

परंतु ज्यांनी त्यांस जवळून पाहिले होते, त्यांनी वेगळा निर्णय केला. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे जाण्यासाठी पैसा उभा करावयाचा होता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी केली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे लागली. १९४८ चे अपयश ही १९५२ च्या यशाची पहिली पायरी होती. ती पायरी पाहण्याची दृष्टी प्राचार्यांपाशी होती, हाच या गोष्टीचा मर्मभाग होय.

टीकेच्या तीन पायऱ्या

या उदाहरणांवरून टीकेच्या तीन पायऱ्या वेगळ्या करता येतात.

पहिली, वस्तुस्थितीकथन. 'अमुक खेळाडू एकशेविसावा आला', 'झेल सुटला', 'वेळ जास्त लागला'. हे खरे असल्यास ते सांगण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि खेळाडूच्या चाहत्यांनी ते सोसलेच पाहिजे.

दुसरी, कारणमीमांसा. वेळ का जास्त लागला? सराव अपुरा होता, हवा प्रतिकूल होती, की व्यवस्थेत दोष होता? येथे अभ्यास लागतो व दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. रिओच्या मॅरेथॉननंतर ओ. पी. जैशा या दुसऱ्या भारतीय धावपटूंनी वाटेत आपल्याला भारतीय अधिकाऱ्यांकडून पाणी मिळाले नाही, अशी तक्रार केली. उलट कविता राऊत यांनी आपली तशी तक्रार नसल्याचे सांगितले. शर्यत एकच, साक्षी मात्र दोन. केवळ एकच ऐकून जो लिहील, तो निम्मे सत्यच लिहील.

तिसरी पायरी हेत्वारोपाची. 'हा पैशासाठी खेळतो', 'हिला देशाची पर्वा नाही', 'हे मौजेसाठी जातात'. दुसऱ्याच्या अंतःकरणातील हेतू कोणास दिसत नाही. सबब ही पायरी टीकेची नव्हे, निंदेची होय. रिओच्या वेळी लोकांचा आक्षेप होता तो याच पायरीवर, आणि तो योग्य होता.

चाहत्यांचेही कर्तव्य

तथापि चाहत्यांचा प्रत्येक आक्षेप योग्यच असतो, असे समजू नये. रिओच्या प्रसंगी काहींनी मुद्द्यास उत्तर देण्याऐवजी लेखिकेस वैयक्तिक शिवीगाळ केली. अन्यायाचे उत्तर दुसऱ्या अन्यायाने देऊन खेळाडूचा मान वाढत नाही.

प्रेम हा पुरावाही नव्हे. तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' झालेले मल्ल नरसिंग यादव हे रिओच्या आधी उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळले. कोणी तरी कपटाने आपल्या अन्नपाण्यात ते द्रव्य मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते, व लक्षावधी चाहत्यांचा त्यावर विश्वास होता. देशातील संस्थेने त्यांस मोकळीकही दिली. परंतु आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते म्हणणे पुराव्याअभावी मान्य केले नाही व त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. चाहत्यास दुःख झाले तरी निर्णय पुराव्यानेच व्हावयाचा, हे खेळाचे शील आहे.

आणखी एक गोष्ट. निंदेचे ओझे असते, तसेच स्तुतीचेही असते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे आंतरशालेय क्रिकेट सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडमधील कॉलिन्स या शाळकरी मुलाने केलेल्या ६२८ धावांचा विक्रम मोडला गेला. वृत्तपत्रांनी त्या मुलास डोक्यावर घेतले. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे तशा धावा होईनात, तेव्हा त्याच्या अपयशाच्याही बातम्या झाल्या. अखेर २०१७ साली त्याच्या वडिलांनी आपण होऊन ती शिष्यवृत्ती थांबविण्याविषयी संघटनेस कळविले. शाळकरी मुलाच्या एका डावाची एवढी बातमी केल्यावर त्याच्या पुढच्या प्रत्येक डावास त्याच मापाने मोजावे, हा कोणता न्याय? प्रौढ, नामांकित खेळाडूस जी टीका पेलते, ती वाढत्या वयाच्या विद्यार्थ्यास पेलेलच असे नाही. त्या पित्याने दाखविलेला प्रामाणिकपणा व विवेक पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्या पटांगणावर

हे सर्व मोठ्या शहरांचे व मोठ्या सामन्यांचे विषय, त्यांच्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. आपल्या तालुक्यातील मुले डोंगर चढत-उतरत शाळेस येतात. त्यांच्या पायांत बळ आहे, छातीत दम आहे. सावरपाड्याची मुलगी रिओपर्यंत गेली, तशी पेठच्या एखाद्या पाड्यावरची मुलगीही उद्या जाईल. परंतु तालुक्याच्या स्पर्धेत खो-खोचा गडी बाद झाला किंवा कबड्डीत चढाई फसली, म्हणजे त्याच सायंकाळी त्याच्या नावाने टोमणे सुरू होतात, आणि हल्ली ते क्षणार्धात घरोघरच्या मोबाईलवर पोहोचतात. किती मुले पराभवाने नव्हे, तर पराभवानंतरच्या शब्दांनी मैदान सोडतात, याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण खरी आहे. परंतु टाकी चालविणाऱ्यास दगडाची जात ठाऊक असावी लागते. प्रशिक्षक चूक दाखवितो तेव्हा ती सुधारण्याची वाटही दाखवितो. ती टाकी होय. निंदक नुसता हातोडा मारतो, आणि दगड फुटला की 'तो मुळातच कच्चा होता' म्हणून पुढे जातो.

म्हणून कोणत्याही खेळाडूविषयी बोलण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावे. मी सांगतो ते खरे आहे काय? मला त्याचे कारण ठाऊक आहे काय? मी त्याच्या कृतीविषयी बोलत आहे, की त्याच्या हेतूविषयी? आणि हे शब्द मी त्याच्या समोर उभा राहून उच्चारू शकेन काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर निर्भयपणे बोलावे. अशी टीका खेळाडूचे हितच करील, आणि 'टीका' या शब्दाचा जुना मानही राखील.

स्वाध्याय

१. 'टीका' या शब्दाचा जुना व नवा अर्थ सांगून दोहोंतील साम्य कोणते ते लिहा.

२. 'पदक मिळाले, म्हणून टीका खोटी ठरली' या विधानातील दोष दाखवा.

३. कोणत्याही वृत्तपत्रातील एका सामन्याचे वर्णन घ्या. त्यातील वस्तुस्थितीची, कारणमीमांसेची व हेत्वारोपाची वाक्ये निरनिराळी करा.

४. प्राचार्य खर्डेकर यांनी १९४८ च्या अपयशाकडे केवळ अपयश म्हणून पाहिले असते, तर काय घडले असते? आठ-दहा ओळींत लिहा.

५. आपल्या वर्गातील हरलेल्या संघास उद्देशून एक पत्र लिहा. त्यात एक चूक स्पष्टपणे सांगा, व ती सुधारण्याचा एक उपायही सांगा.