टाकाऊतून उभं राहिलेलं चर्च : ऑर्कनी बेटांवरचं इटालियन चॅपल



'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की आपल्याला कार्यानुभवाचा तास आठवतो. बाटलीची फुलदाणी, वर्तमानपत्राच्या पिशव्या वगैरे. पण टाकाऊ वस्तूंतून एक अख्खं चर्च उभं राहिलं, तेही युद्धकैद्यांच्या हातून! दुसरं महायुद्ध शिकवताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

पार्श्वभूमी

आधी नकाशात स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं दाखवा. या बेटांच्या मधोमध 'स्कापा फ्लो' हा ब्रिटिश नौदलाचा तळ होता. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी एका जर्मन पाणबुडीने आत शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. ८०० हून अधिक नौसैनिक दगावले. मग चर्चिल यांनी पूर्वेकडच्या वाटा बांध घालून बंद करण्याचा आदेश दिला. कामाला माणसं कमी पडत होती, म्हणून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन सैनिक तिथे आणले गेले.

युद्धकैद्यांना थेट युद्धाच्या कामाला जुंपायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे कैद्यांनी विरोध केला. हे बांध बेटं जोडणारे रस्तेही होणार, असं सांगितल्यावर काम पुढे सरकलं.

चॅपल कसं बनलं?

लॅम्ब होम या चिमुकल्या बेटावर कैद्यांची छावणी होती. थंडी, वारा आणि घर खूप दूर. कॅथलिक कैद्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. १९४३ मध्ये त्यांना पत्र्याच्या दोन अर्धगोल बराकी मिळाल्या. त्या एकापुढे एक जोडून चॅपल तयार झालं.

डोमेनिको किओकेट्टी हा कैदी चित्रकार होता. आईने दिलेलं मरियामातेचं छोटं चित्र त्याच्याजवळ होतं. त्यावरूनच त्याने वेदीमागचं चित्र रंगवलं. साध्या सपाट भिंतींवर असं रंगकाम केलं की बघणाऱ्याला विटा आणि कोरीव दगडच वाटावेत. मांसाच्या रिकाम्या डब्यांचे कंदील झाले, फुटलेल्या जहाजाचं लाकूड कामी आलं. वेदी सिमेंट-काँक्रीटची. पालुम्बी नावाच्या लोहारकाम जाणणाऱ्या कैद्याने लोखंडी जाळी घडवली.

१९४४ मध्ये बाकीचे कैदी बेट सोडून गेले, पण किओकेट्टी उरलेलं काम पुरं करायला मागे थांबला. पुढे छावणी पाडली गेली, चॅपल मात्र तसंच ठेवलं. १९६० मध्ये त्याच्या दुरुस्तीसाठी किओकेट्टी इटलीहून पुन्हा आला. बेटावरच्या लोकांनी ते आजवर जपलंय.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. कैद्यांना प्रार्थनेची जागा देणं ब्रिटिशांना बंधनकारक नसतं, तर त्यांनी ती द्यावी का? तुमचं मत सांगा.
२. बाकीचे कैदी बेट सोडून जात असताना किओकेट्टी मागे का थांबला असेल?
३. 'शत्रू' सैनिकांनी बांधलेली वास्तू बेटावरच्या लोकांनी का जपली असेल?

तिसऱ्या प्रश्नावर घाई करू नका. युद्धाचा धडा मुलं सन-सनावळ्या आणि कोण जिंकलं-कोण हरलं एवढ्यातच पाठ करतात. समोरच्या बाजूच्या सैनिकालाही आई असते, हे त्या छोट्या चित्रामुळे त्यांना पटकन कळतं.

पालकहो, घरी मुलांना एवढंच विचारा : "तू खूप दूर अडकलास, तर घरची कोणती एक वस्तू जवळ ठेवशील?" उत्तर वहीत लिहून घ्या आणि वर्गात वाचायला पाठवा.