थरथर कोणाची? मोटरची की पत्र्याची?

हलणाऱ्या वस्तूत दोन ताल असू शकतात. एक बाहेरून दिलेला, दुसरा तिचा स्वतःचा. ते वेगळे कसे ओळखायचे, ते मी सांगते.

साहित्य : दोरा, खडा, घड्याळ.

कृती : २५ सेंटिमीटर दोऱ्याला खडा टांगा. एकदा झुलवून सोडा. १० झोक्यांना सुमारे १० सेकंद लागतात. हा खड्याचा स्वतःचा ताल. आता दोरा धरलेला हात सेकंदाला तीनदा मागेपुढे हलवा. खडा थोडासाच हलतो, तोही हाताच्या तालावर. मग सेकंदाला एकदा हलवा. खडा केवढा उंच जातो बघा! याला अनुनाद म्हणतात.

आमची पिठाची गिरणी आहे. मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. १४४० ÷ ६० = २४, म्हणजे सेकंदाला २४ हिसके. गिरणी चालू झाली की बाजूचा पत्रा खडखडायचा, खिळे ढिले व्हायचे. दादा म्हणाला, "मोटरच बदलू." पण मोटरीला पैसे फार पडतात. म्हणून बाबांनी आणि मी आधी तीन गोष्टी पाहिल्या.

१. मोटर बंद असताना पत्र्यावर बुक्की मारली. जी थरथर उठून विरते ती पत्र्याची.
२. मोटर चालू असेपर्यंत जी एकसारखी राहते, विरत नाही, ती मोटरची.
३. बटण बंद केल्यावर मोटर मंदावत जाते. तेव्हा मध्येच एका क्षणी पत्रा सगळ्यात जोरात खडखडला. त्या क्षणी दोन्ही ताल जुळले.

म्हणजे पत्र्याचा ताल मोटरच्या तालाच्या जरा खाली होता. बाबांनी पत्र्याच्या मधोमध लाकडी पट्टी ठोकली. पत्रा ताठ झाला, त्याचा ताल पुष्कळ वर गेला. आता मोटर थांबतानाही खडखड होत नाही. मोटर तीच आहे.

मोठी इमारत किंवा पूल बुक्कीने हलत नाही, आणि कारखान्यातली यंत्रं सहज बंद करता येत नाहीत. तिथे इंजिनिअर कंपन मोजणारी उपकरणं लावून आलेख काढतात. यंत्राचं टोक सुईसारखं बारीक येतं, इमारतीचं टेकडीसारखं पसरट. आणखी एक खूण आहे. यंत्राच्या तालावर हलणारी वस्तू झोक्यासारखी दोन्ही टोकांशी जास्त वेळ रेंगाळते. वाऱ्याने हलणारी बहुतेक वेळ मधल्या जागेजवळ असते.

सूचना : खड्याचा प्रयोग घरी जरूर करा. गिरणीतला मात्र मोठ्या माणसांबरोबरच करा, आणि चालू पट्ट्याजवळ हात नेऊ नका.

– इयत्ता ७ वीची विद्यार्थिनी